ओळखीचे वाटते, आठवत मात्र नाही

'ओळखणे' आणि 'आठवणे' या दोन क्रियापदांत मराठी भाषा जो भेद करते, तो परीक्षेच्या अभ्यासात फार महत्त्वाचा ठरतो, आणि नेमका तोच भेद अभ्यास करणाऱ्याच्या नजरेतून बहुधा निसटतो. पुस्तकाचे पान समोर उघडे असताना त्यावरील व्याख्या परिचित वाटणे म्हणजे ओळखणे. तेच पान मिटल्यावर, कोणताही आधार न घेता, ती व्याख्या मनातून बाहेर काढून कागदावर उतरवता येणे म्हणजे आठवणे. महाविद्यालयातील लेखी परीक्षा जवळजवळ सर्वस्वी दुसऱ्या क्रियेची असते, घरी चालणारा अभ्यास मात्र पुष्कळदा पहिल्या क्रियेपाशीच थांबतो. त्यामुळे रोज सहा-सहा तास वाचूनही गुणपत्रिकेवर दोन-तीन विषय राहिलेले दिसतात, आणि घरातले, शेजारचे, कधी शिकवणारेही त्याचा अर्थ 'मुलगा मन लावून वाचत नसावा' किंवा 'त्याला डोकेच कमी असावे' असा लावून मोकळे होतात. हे दोन्ही अर्थ बहुतेक वेळा चुकीचे असतात.

सोलापुरात वारांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या ज्या जुन्या पेठा आहेत, त्यांपैकी शुक्रवार पेठ ही एक होय, आणि अशा पेठांमध्ये हा प्रश्न विशेष तीव्रतेने जाणवण्यामागे या शहराच्या घडणीचा वाटा मोठा आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली आणि लोकांच्या तोंडी 'जुनी मिल' म्हणून राहिलेली कापडगिरणी, त्यानंतरचे हातमाग व यंत्रमाग, घरोघरी चालणारे विडीचे काम आणि किरकोळ व्यापार यांवर वाढलेल्या या गावात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या भाषा शेजारी-शेजारी बोलल्या जातात, आणि येथील अनेक कुटुंबांत महाविद्यालयाची पायरी चढणारी आजची पिढी पहिलीच असते. अशा घरात अभ्यासाला पाठिंबा असतो, प्रसंगी पोटाला चिमटा काढून भरलेली क्लासची फी असते. पण विद्यापीठाची प्रश्नपत्रिका काय मागते हे सांगणारे घरात कोणी नसते.

विद्यापीठाची रचनाही गेल्या दोन दशकांत बदलली आहे. सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली होती. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ स्वतंत्रपणे सुरू झाले, आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ झाल्यामुळे परीक्षा विभाग जवळ आला खरा, पण याच काळात वार्षिक परीक्षेची जागा सत्र पद्धतीने, म्हणजे दर सहामाहीला परीक्षा घेण्याच्या पद्धतीने, आणि पुढे श्रेयांक पद्धतीने घेतली. पंधरा-सोळा आठवड्यांच्या सत्रातून अंतर्गत चाचण्या, प्रात्यक्षिके, जर्नल पूर्ण करणे आणि 'सबमिशन' वजा केले, तर विषय मनात मुरायला जो अवधी लागतो तो फारसा उरत नाही. यातच 'एटीकेटी'ची भर पडते. काही विषयांत अनुत्तीर्ण होऊनही पुढच्या वर्गात बसण्याची जी मुभा असते, तिला विद्यार्थी या आद्याक्षरांनी ओळखतात. ती मुळात सवलत आहे आणि तिने अनेकांचे वर्ष वाचवले आहे यात शंका नाही, मात्र तिचा हिशेब कठोर असतो, कारण चालू सत्राच्या सहा विषयांसोबत मागचे दोन विषय त्याच महिन्यात पुन्हा द्यावे लागतात, प्रत्येक विषयाच्या वाट्याला येणारा वेळ घटतो, आणि आधीच घसरलेला विद्यार्थी अधिक मेहनत करीत असतानाच अधिक मागे पडत जातो.

या मेहनतीचे मोजमाप कसे होते, हेही पाहण्यासारखे आहे. 'आज किती तास अभ्यास झाला' असे घरोघरी विचारले जाते. 'आज न बघता काय काय सांगता येते' असे क्वचितच कोणी विचारते. विडी वळणाऱ्या स्त्रीची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते आणि तपासणीत सदोष म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, म्हणजे 'छाट', त्या हिशेबात धरल्या जात नाहीत. ती मांडीवर सूप घेऊन किती तास बसली होती याची नोंद कारखान्याच्या वहीत होत नसते. त्याच घरातील मुलाचा अभ्यास मात्र बसलेल्या तासांवर मोजला जातो, त्यातील छाट कोणी काढत नाही, आणि परीक्षेच्या दिवशी ती एकदम समोर येते. श्रमाचे मोल तयार मालावरून ठरते हे ज्या घराला रोजच्या व्यवहारातून ठाऊक आहे, तेथेही अभ्यासाला हा नियम लागू करण्याचे कोणाच्या मनात येत नाही, याचे कारण बहुधा हे की अभ्यासाचा तयार माल डोळ्यांना दिसत नाही.

तो दिसावा असा पहिला पद्धतशीर प्रयत्न जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी केला. अर्थहीन अक्षरसमूहांच्या याद्या स्वतः पाठ करून, ठराविक काळाने त्या पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम लागतात, हे त्यांनी मोजले, आणि १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या मोजणीत पहिल्या पाठांतराच्या श्रमांपैकी निम्म्याहून अधिक श्रम एका तासातच वाया गेलेले आढळले, एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांशच शिल्लक होते, पुढे विसरण्याचा वेग मात्र मंदावत गेला आणि महिन्यानेही सुमारे एक पंचमांश भाग टिकून राहिला. एकाच माणसाने स्वतःवर केलेले आणि निरर्थक अक्षरांवर आधारलेले हे प्रयोग अर्थपूर्ण धड्याला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, तरी त्यांतील एक नोंद आजच्या विद्यार्थ्याने जरूर लक्षात घ्यावी अशी आहे: एकाच दिवशी सलग ६८ वेळा घोकून जे साधले, तेच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी साधले. परीक्षेच्या आदल्या रात्री एका बैठकीत आख्खा विषय 'मारणारा' विद्यार्थी आळशी नसतो. तो दुपटीच्या जवळ जाणारी किंमत मोजून तेवढाच माल घेत असतो.

ओळखणे आणि आठवणे यांतील अंतर नेमके दाखवणारा प्रयोग अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा देऊन काहींना तो चार वेळा वाचायला सांगितला, तर काहींना एकदा वाचून पुढच्या तीन वेळा, उतारा न पाहता, आठवेल तेवढा लिहायला सांगितला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत चार वेळा वाचणारे पुढे होते, त्यांना ८३ टक्के मजकूर आठवला आणि लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. पण आठवड्यानंतर हे चित्र पूर्ण उलटले, वाचणाऱ्यांच्या गटाकडे ४० टक्केच मजकूर उरला होता आणि लिहिणाऱ्यांच्या गटाकडे ६१ टक्के. याहून बोलकी गोष्ट अशी की, आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल याचा अंदाज विचारला असता सर्वाधिक भरवसा पुनःपुन्हा वाचणाऱ्या गटालाच होता. वारंवार वाचलेला मजकूर डोळ्यांखालून सहज सरकू लागतो, त्या सहजतेलाच मन 'मला हे येते' असे समजते, आणि पेपर हातात पडेपर्यंत हा गैरसमज दूर होण्याची वेळच येत नाही. रंगीत पेनने ओळी अधोरेखित करणे, दुसऱ्याच्या नोट्स उतरवून काढणे, सोडवलेल्या उदाहरणाची चित्रफीत मोबाइलवर दोनदा पाहणे या सगळ्या कृतींत अभ्यास झाल्याचे समाधान भरपूर मिळते, पण आठवण्याचा व्यायाम त्यांत घडत नाही.

यावर कोणी म्हणेल की मग घोकंपट्टीच बरी म्हणायची, आणि तिलाच तर आजवर नावे ठेवण्यात आली. येथे थोडा विवेक करावा लागतो. मराठी शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांचे पाढे म्हणून घेतले जात, तेव्हा गुरुजी पुस्तक मिटायला लावून 'म्हणून दाखव' असे सांगत, आणि मधूनच 'पाऊण सत्ते किती' असे विचारून क्रम मोडत. वेदपाठी परंपरेतील घनपाठात तर शब्द पुढे-मागे अशा ठराविक उलटसुलट क्रमाने म्हणावे लागतात, म्हणजे नुसत्या लयीच्या आधाराने पुढे सरकण्याची सोयच राहत नाही. या पद्धतींत दोष असेलच तर तो अर्थ न समजावण्याचा होता. न बघता म्हणून दाखवण्याची सक्ती हा त्यांचा गुण होता. महाविद्यालयात पोचेपर्यंत घडले आहे ते असे की, अर्थाविना पाठ करणे तसेच राहिले आणि न बघता म्हणून दाखवणे तेवढे सुटले. परीक्षेच्या तोंडावर बाजारात येणारे 'अपेक्षित' प्रश्नसंच आणि वर्गमित्रांत फिरणाऱ्या 'आयएमपी' प्रश्नांच्या याद्या यांचा उपयोगही बहुधा उत्तरे वाचण्यासाठी होतो. तेच प्रश्न उत्तराचे पान झाकून सोडवले, तर त्यांचे मोल कितीतरी वाढेल.

गणिती विषयांत याच चुकीचे दुसरे रूप दिसते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना 'एम-वन', 'एम-टू' या नावांनी धाक घालणारे गणिताचे पेपर असोत किंवा वाणिज्य शाखेची हिशेबशास्त्राची उदाहरणे असोत, सराव करताना एका प्रकाराची दहा उदाहरणे ओळीने सोडवली जातात, आणि तिसऱ्या-चौथ्या उदाहरणापासून हात आपोआप चालू लागतो, कारण कोणते सूत्र लावायचे हा निर्णय प्रकरणाच्या शीर्षकानेच घेतलेला असतो. प्रश्नपत्रिकेत शीर्षक नसते. अमेरिकेतील डग रोहरर आणि केली टेलर यांच्या २००७ मधील अभ्यासात घनाकृतींचे घनफळ काढण्याची उदाहरणे एका गटाने प्रकारवार आणि दुसऱ्या गटाने मिसळून सोडवली. सरावाच्या वेळी प्रकारवार सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली आणि मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्केच, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिल्या गटाचे यश २० टक्क्यांवर घसरले आणि दुसऱ्याचे ६३ टक्क्यांवर टिकून राहिले. सरावात येणाऱ्या अडखळण्याला मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बियर्क यांनी 'हवीशी अडचण' अशा अर्थाची संज्ञा दिली आहे, म्हणजे जी त्या क्षणी काम अवघड करते पण शिकणे पक्के करते अशी अडचण. क्लासमध्ये सर्व उदाहरणे सोडवणारा आणि पेपरात पहिल्याच उदाहरणापाशी थांबणारा विद्यार्थी खोटे बोलत नसतो. त्याने सोडवण्याचा सराव केलेला असतो, निवडण्याचा नव्हे.

सोलापूरच्या संदर्भात भाषेचा मुद्दा मात्र सविस्तर पाहिला पाहिजे, कारण अभ्यासाच्या तंत्रावर लिहिणारे बहुतेक लेखक एकभाषिक विद्यार्थी गृहीत धरतात. घरी तेलुगू किंवा कानडी, दहावीपर्यंत मराठी आणि महाविद्यालयात इंग्रजी अशी तीन भाषांची वाट चालून आलेला विद्यार्थी येथे अपवाद नाही. माणसाचे मन एका वेळी मोजक्याच गोष्टी हाताळू शकते. या तात्पुरत्या साठ्याला कार्यकारी स्मृती म्हणतात, आणि जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची मर्यादा सातच्या आसपास सांगितली होती, ती पुढील संशोधनात चारच्या जवळ आली. इंग्रजी वाक्य वाचताना त्यातील दोन शब्दांचे अर्थ आणि वाक्याची रचना सोडवण्यातच या चारांपैकी तीन जागा अडल्या, तर संकल्पनेसाठी एकच उरते. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर यांनी अशा ताणाला बोधभार या अर्थाचे नाव दिले आणि तो मजकुराच्या मांडणीवरही अवलंबून असतो हे दाखवले.

वाणिज्य शाखेतील उदाहरण यासाठी पुरेसे आहे. बारावीपर्यंत किर्द, खतावणी, तेरीज, घसारा आणि ताळेबंद हे शब्द शिकलेल्या, कदाचित वडिलांच्या दुकानातील वहीत त्यांपैकी एक-दोन प्रत्यक्ष पाहिलेल्या मुलीला पदवीच्या वर्गात जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स, डेप्रिसिएशन आणि बॅलन्स शीट भेटतात, आणि जे तिला आधीपासून येते तेच नवे समजून ती पहिल्यापासून पाठ करू लागते. यंत्राची किंमत वापराने दरवर्षी घटते आणि ती घट खर्चात धरावी लागते, एवढे घसारा या शब्दात तिला एकदा कळलेले असते. डेप्रिसिएशनची चार ओळींची इंग्रजी व्याख्या तिच्या मनात त्या कळण्याला जोडली जात नाही, सुटी राहते, आणि सुटी राहिलेली गोष्ट आधी विसरते. दोन्ही शब्द एका ओळीत लिहिलेली वही प्रत्येक विषयासाठी ठेवणे, संकल्पना प्रथम घरच्या भाषेत मोठ्याने समजावून सांगणे आणि मगच इंग्रजी उत्तर पुस्तक मिटून लिहिणे, हा मार्ग दिसायला लांबचा आहे. पण पाठ केलेल्या इंग्रजी परिच्छेदातला एक शब्द निसटला की पुढचे सारे अडते, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला तो लांबचा वाटणार नाही. शाळेतील सेमी-इंग्रजी वर्गांमुळे गणित व विज्ञानापुरती ही दरी काही अंशी बुजली आहे, तरी सलग इंग्रजी परिच्छेद लिहिण्याची सवय तेथेही लागतेच असे नाही.

प्रश्नाचे क्रियापद न वाचणे ही त्यामागोमाग येणारी चूक होय. 'व्याख्या द्या', 'फरक स्पष्ट करा', 'सिद्ध करा' आणि 'टीकात्मक परीक्षण करा' या आज्ञा एकाच प्रकरणावर विचारल्या तरी चार वेगळी उत्तरे मागतात. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या संपादनाखाली १९५६ मध्ये मांडलेली उद्दिष्टांची उतरंड स्मरणापासून आकलन, उपयोजन, विश्लेषण असे करीत मूल्यमापनापर्यंत जाते, आणि अभियांत्रिकीच्या अनेक प्रश्नपत्रिकांत आता प्रत्येक प्रश्नासमोर त्याची पातळी छापलेली असते. विद्यार्थी मात्र प्रश्नातील परिचित नाम पाहतो, त्या नावाखाली जे पाठ आहे ते सर्व लिहितो, आणि तीन पाने भरूनही दोन गुण मिळाल्यावर तपासणाऱ्याला दोष देतो. तो दोष काही वेळा खरा असतो, हे नमूद करणे न्याय्य होईल. तीन तासांत लिहून काढलेल्या कागदावरून संपूर्ण सत्राचे ज्ञान मोजण्याची ही रीत स्वतःच उणी आहे, पण ती बदलेपर्यंत विद्यार्थ्याला तिच्यातूनच जावे लागणार.

उन्हाळी सत्राची परीक्षा सोलापुरात पारा चाळीस अंशांच्या आसपास असताना येते. पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही, म्हणून अभ्यास रात्रीवर ढकलला जातो आणि झोप चार-पाच तासांवर येते. जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी १९२४ मध्येच दाखवले होते की पाठ केल्यानंतर झोप घेतली तर तेवढाच वेळ जागे राहण्याच्या तुलनेत विसरणे कमी होते. म्हणून जागरणाने मिळवलेले तास पूर्ण हिशेबात धरता येत नाहीत. गारवा आणि शांतता मिळवण्यासाठी मुले वाचनालयाची किंवा खासगी अभ्यासिकेची जागा धरतात, ते योग्यच आहे, फक्त तेथे मोठ्याने म्हणून दाखवता येत नाही, तेव्हा कोऱ्या कागदावर लिहून पाहणे हाच मार्ग उरतो.

काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत या सर्व कारणांपलीकडचे कारण असते. बोलून उत्तम उत्तर देणारा, पण लिहिताना अक्षरे गाळणारा आणि कोणताही पेपर वेळेत पूर्ण न करू शकणारा मुलगा विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेला असू शकतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या अक्षमतेला मान्यता दिली आहे, आणि प्रमाणपत्र असल्यास परीक्षेच्या दर तासामागे किमान २० मिनिटे जादा वेळ देण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. शाळेत हे कोणाच्या ध्यानात आले नाही म्हणून ते महाविद्यालयातही शोधू नये असे नाही. सतत खिन्न असणे, झोप उडणे, जगण्यात अर्थ न वाटणे ही चिन्हे असतील, तर तो अभ्यासतंत्राचा विषय राहत नाही. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

राहिला प्रश्न नेमके काय चुकले ते कळण्याचा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार निकाल तीस दिवसांत, आणि फार तर पंचेचाळीस दिवसांत लागावा असे अपेक्षित आहे. तो लागतो तेव्हाही विद्यार्थ्याच्या हाती केवळ एक आकडा येतो. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ च्या निकालात माहिती अधिकाराखाली मान्य केला आहे, आणि विद्यापीठेही शुल्क घेऊन छायाप्रत देतात. परंतु हा अर्ज सामान्यतः पुनर्मूल्यांकनाची पायरी म्हणून, गुण वाढतील अशा आशेने केला जातो, आणि ती आशा नसेल तर केलाच जात नाही. वास्तविक नापास झालेल्या विषयाची छायाप्रत हे त्या विद्यार्थ्याच्या अभ्यासाविषयीचे सर्वांत विश्वसनीय कागदपत्र असते: पहिले प्रश्न भरगच्च आणि शेवटचे कोरे असतील तर अडचण वेळेची आहे, सर्व प्रश्न लिहिलेले आणि प्रत्येकाला थोडेच गुण असतील तर क्रियापद वाचलेले नाही, उत्तराची सुरुवात पुस्तकी आणि मध्येच एकाएकी थांबलेली असेल तर तो परिच्छेद समजून न घेता पाठ केलेला होता, आणि उदाहरणात पहिलेच सूत्र चुकीचे निवडलेले असेल तर सराव प्रकारवार झालेला आहे. अर्जाची मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांची असते, पुढच्या सत्राचे वर्ग तोवर सुरू झालेले असतात, आणि मागच्या पेपराकडे पुन्हा पाहणे नकोसे वाटण्याचा काळही नेमका तोच असतो.